काजूच्या दिवसांतली वाळपई: हुर्राक, फेणी आणि मामांची भट्टी

डिचोलीकर

नमस्कार मंडळी,

मागच्या आठवड्यात एका धाग्यावर कुणीतरी विचारलं होतं, "नाशिकला द्राक्षमळ्यात जाऊन वाईन कशी होते ते बघता येतं, गोव्यात तसं काही आहे का?" त्यावर तीन-चार जणांनी किनाऱ्यावरच्या बारची नावं देऊन विषय मिटवला. मला खरंच वाईट वाटलं. गोव्यात द्राक्षं नाहीत, पण डोंगरच्या डोंगर काजू आहे आणि त्याच्या बोंडूपासून, म्हणजे फळापासून, गाळलेली फेणी ही इथली दारू आहे. मार्च ते मे या दिवसांत सत्तरीतून नुसती काच खाली करून गाडी चालवलीत तरी पिकल्या बोंडूचा वास शेवटपर्यंत सोबत येतो. म्हणून हा वेगळा धागा काढतोय. माझी सासुरवाडी तिकडची, त्यामुळे जे लिहितोय ते डोळ्यांनी पाहिलेलं आहे.

वाळपई म्हणजे सत्तरी तालुक्याचं मुख्य ठिकाण. पणजीहून साखळी, होंडा करत गेलात तर सव्वा ते दीड तास. गाव लहान आहे, बाजार अर्ध्या तासात पायी फिरून होतो. एरवी शांत असतं, पण काजूच्या दिवसांत बाजाराचं रूप पालटतं. बिया विकत घेणाऱ्या दुकानांसमोर पोती, तराजू, दुचाकीच्या मागे बांधलेल्या गोण्या आणि आजचा भाव काय याचीच चर्चा. ज्याच्याकडे दहा झाडं आहेत तोही येतो आणि ज्याच्याकडे अख्खा डोंगर आहे तोही.

आमच्या मामेसासऱ्यांची भट्टी वाळपईपासून पुढे म्हादई नदीच्या अंगाला आहे. गावाचं नाव मुद्दाम देत नाही, कारण ते घर आहे, दुकान नव्हे. यंदा तिथे तीन दिवस राहिलो.

पहाटे साडेपाचला मामींबरोबर डोंगरावर गेलो. पहिला नियम असा की बोंडू झाडावरून तोडायचा नाही. तो पुरता पिकून आपसूक खाली पडला पाहिजे. तोडलेला बोंडू तुरट राहतो आणि तो तुरटपणा शेवटच्या थेंबापर्यंत जात नाही. मामींच्या हातात लांब काठी, टोकाला खिळा. वाकायचं नाही, टोचायचं आणि बादलीत झटकायचं. बादली भरली की सावलीत बसून बी पिळून वेगळी करायची. डाव्या हातात बोंडू, उजव्या चिमटीत बी, एक पीळ आणि बारीक "टक्" असा आवाज. मामींचं बोलणं चालू असताना तो आवाज एकदाही थांबला नाही. मी तासाभरात जेवढे केले तेवढे त्यांनी चहा घेता घेता केले.

हे सगळं घाईनं का करावं लागतं, तर पिकलेला बोंडू दिवसभरसुद्धा टिकत नाही. सकाळचा बोंडू संध्याकाळी काळवंडतो, पाणी सोडतो. लांबच्या कारखान्यात न्यायचा म्हटला तर वाटेतच खराब. म्हणून भट्टी डोंगराच्या पायथ्याशीच असावी लागते आणि म्हणून फेणी आजही मोठ्या कारखान्यात न होता अशा शेकडो लहान भट्ट्यांवर होते. ही एवढी एक गोष्ट समजली की बाकीचं सगळं उलगडतं.

बोंडू मळतात ते कोळंबीत. कोळंबी म्हणजे कातळात कोरलेलं उथळ टाकं, एका बाजूला उतार आणि रस बाहेर पडायला भोक. पाय घासून धुवायचे आणि मळायला उतरायचं. पहिली पाच मिनिटं पाय घसरतात, मग लय सापडते. मळून उरलेला चोथा गोळा करून त्याचा ढीग रचतात, त्याला नुडी नावाच्या रानवेलीचे वेढे घालतात आणि वर जड दगड ठेवतात. हल्ली बऱ्याच ठिकाणी लोखंडी किंवा लाकडी पिंजऱ्याचा दाब असतो. मामांकडे अजून नुडी आहे. रात्रभर त्या ढिगातून थेंब थेंब जो स्वच्छ रस गळतो तो निरो. पहाटे गार असताना प्यायचा. त्यात नशा नसते. गोड, किंचित घशाला धरणारा. उन्हं चढली की तो आंबायला लागतो आणि त्याची ती पहाटेची चव पुन्हा मिळत नाही.

मळून निघालेला रस मात्र मडक्यांत किंवा पिंपांत आंबायला ठेवतात. साधारण तीन दिवस. खमीर, साखर, पाणी काही घालायचं नाही. दुसऱ्या दिवशी पिंपाला कान लावला तर आतून सतत चुरचुर ऐकू येते. फेस बसला, आवाज विझला की रस भाणात जातो. भाण म्हणजे उकळायचं भांडं, पूर्वी मातीचं, आता तांब्याचं. झाकणाच्या सांध्याला कापड आणि वारुळाची माती लिंपतात, ती भाजून घट्ट बसते. पूर्वी वाफ लावणीत, म्हणजे दुसऱ्या मडक्यात, उतरायची आणि त्यावर माणूस बसून सतत गार पाणी ओतायचा. आता पाण्याच्या टाकीतून वळत जाणारी तांब्याची नळी असते.

पहिल्या धारेचा तो हुर्राक. सौम्य असतो आणि टिकत नाही, म्हणून काजूच्या मोसमातच मिळतो. लिंबू, मीठ, चिरलेली हिरवी मिरची आणि लिमका घालून लोक पितात. हुर्राक पुन्हा आंबलेल्या रसात मिसळून दुसऱ्यांदा गाळला की फेणी. जुन्या काळी तीनदा गाळत, मधल्या टप्प्याला काझुलो म्हणत. तीव्रता आजही ग्रावात मोजतात, हा शब्द पोर्तुगीजांकडून आलेला. काचेचा मापक दारूत सोडायचा आणि तो कितपत बुडतो ते बघायचं. आधुनिक भाषेत फेणीत मद्यार्क साधारण 42 ते 45 टक्के.

पण मामा मापकाकडे शेवटी बघतात. आधी ते करवंटीत थोडी धार घेतात, हात उंच करून ती दुसऱ्या करवंटीत ओततात आणि वर येणाऱ्या बुडबुड्यांकडे बघत राहतात. बुडबुडे मण्यांसारखे कडेला जमून थांबले की मान हलवतात. लगेच फुटले की भाणाखालचं एक लाकूड बाहेर ओढतात. मी विचारलं, किती वेळ थांबायला हवेत? म्हणाले, "बघत बस. दोन मोसम बघितलेस की विचारणार नाहीस."

एक अनुभव सांगतो. चार वर्षांपूर्वी किनाऱ्याकडच्या एका आयोजकाच्या "फेणी सहली"ला मी पैसे भरून गेलो होतो. ऑगस्टमध्ये. ऑगस्टमध्ये काजू कुठला? एका शेडमध्ये मडकी मांडून ठेवली होती, कुणीतरी पाठ केलेलं बोलत होतं आणि शेवटी लहान पेल्यांतून फेणी दिली. सोबतचे मुंबईचे पाहुणे तोंड वाकडं करून म्हणाले, "याला कसला वास येतो!" तो वास बोंडूचा आहे हे त्यांना कळणार कसं? त्यांनी बोंडू पाहिलाच नव्हता. ती खंत मनात राहिली, म्हणून एवढं लांबलचक लिहिलं.

जायचं असेल तर एप्रिलमध्ये जा, पहाटे जा आणि ओळखीतून आधी विचारून जा. प्रश्न असतील तर इथेच विचारा.

---

पुणे_ते_पर्वरी

वाचनखूण साठवली! दोन वर्षं झाली गोव्यात राहायला येऊन, पण आम्ही पर्वरीच्या पुढे पूर्वेला फारसे गेलोच नाही. "कोळंबीत मळतात" हे वाक्य मी तीनदा वाचलं, मला मासळीशिवाय दुसरी कोळंबी माहीत नव्हती. 🙂

प्रश्न असे: ओळख नसेल तर काय करायचं? सोबत नऊ वर्षांचा मुलगा असेल, चालेल का? आणि राहायची सोय?

---

डिचोलीकर

ताई, मुलाला जरूर न्या. बोंडू वेचणं आणि मळणं यात मुलं रमतात, निरोही पिऊ शकतात. फक्त भाणाजवळ जाऊ देऊ नका, विस्तव आणि उकळता रस दोन्ही असतात. हिरव्या बिया फोडायला तर अजिबात देऊ नका. सालीतल्या तेलाने कातडी भाजते. माझ्या दोन बोटांची साल मागच्या वर्षी अशीच गेली होती.

ओळख नसेल तर वाळपईच्या बाजारात बिया घेणाऱ्या दुकानदाराशी बोला. कुणाची भट्टी चालू आहे, कोण माणसं येऊ देतो, हे त्याला ठाऊक असतं. आदल्या दिवशी विचारून जा. भट्टीवर धार चालू असताना कुणालाही बोलायला सवड नसते, हे लक्षात असू द्या. राहायला त्या भागात घरगुती सोयी आहेत, पण पर्वरीहून तुम्ही पहाटे निघून दुपारी परतू शकता.

---

दिंडोरीचा_शेतकरी

लेख फार आवडला. मी वाईनची द्राक्षं लावणारा शेतकरी. आमच्याकडे आणि तुमच्याकडे एक गोष्ट अगदी सारखी आहे, ती म्हणजे घाई. आम्हीही काढणी पहाटे करतो. उन्हात तापलेलं द्राक्ष कारखान्यात गेलं की वाईन बिघडते. गोडी मोजून तोड ठरवतात आणि एकदा ठरली की घरात लग्न असलं तरी माणसं मळ्यात.

फरक मला जाणवला तो असा. आमच्याकडे पायाने द्राक्षं तुडवणं आता पाहुण्यांसाठी ठेवलेला कार्यक्रम आहे, खरी वाईन यंत्रावर होते. तुमच्याकडे पाय अजून कामाचे आहेत. आणि आम्ही द्राक्ष दुसऱ्याच्या कारखान्याला विकतो, तिथून पुढे ते आमचं राहत नाही. तुमचे मामा झाडापासून बाटलीपर्यंत सगळं स्वतः करतात. मला त्याचा हेवा वाटला.

एक शंका, खमीर न घालता दरवेळी सारखी चव येते का?

---

डिचोलीकर

नाही येत, दादा. एकाच मामांच्या मार्चच्या आणि मेच्या फेणीत फरक असतो. सालीवर आणि भांड्यात जे नैसर्गिक खमीर असतं त्यावर सगळं चालतं, उष्मा वाढला की आंबणंही लवकर होतं. तुम्ही मोसमात या, राहायची सोय माझ्याकडे.

---

वाळपईची_लेक

मी भट्टीवाल्याची मुलगी. धागा वाचताना घरचा धूर नाकात आला. पण डिचोलीकर, तुम्ही तीन दिवस राहिलात, मी बावीस मोसम काढलेत. काही गोष्टी माझ्याकडून जोडते.

एक म्हणजे पावणी. दरवर्षी मोसमाआधी अबकारी खातं काजूच्या झोनचा लिलाव करतं, त्याला आमच्याकडे पावणी म्हणतात. ती घेतल्याशिवाय त्या भागात भट्टी लावता येत नाही. म्हणजे बोंडू अजून मोहरात असताना पैसे भरून झालेले असतात. मग अवकाळी पाऊस आला, मोहर गळला, की ते पैसे कुठून काढायचे? आमच्या घरी फेब्रुवारीत आकाश ढगाळलं की बाबा जेवायचे नाहीत.

दुसरी गोष्ट रात्रीची. भट्टी संध्याकाळी विझत नाही. मोसमात आमचे बाबा भाणाजवळच बाजलं टाकून झोपायचे, तेही तासा-तासाने उठून. विस्तव मोठा झाला तर रस उतू जाऊन नळीत शिरतो आणि सगळी धार गढूळ होते, लहान झाला तर धार तुटते. मला दहावीचा अभ्यास भट्टीच्या उजेडात केलेला आठवतो. वीज होती घरात, पण बाबांना कुणीतरी सोबत लागायची.

आणि बायकांचं काम. वेचणं, पिळणं, बिया वाळवणं, पाणी भरणं, जेवण करून भट्टीवर पाठवणं, हे सगळं आईचं. भट्टीचा परवाना मात्र बाबांच्या नावावर. आमच्या गावात अजून बहुतेक ठिकाणी असंच आहे. तुम्ही मामींबद्दल लिहिलंत म्हणून बरं वाटलं.

---

म्हापशेकर_७१

सुंदर धागा. सहा-सात वर्षांपूर्वी मुलाकडे पोर्तुगालला गेलो होतो, तेव्हा दोरू नदीच्या खोऱ्यात पिन्यांव नावाच्या गावी दोन दिवस राहिलो. पोर्तोहून आगगाडीने अडीचेक तास, शेवटचा बराचसा मार्ग नदीच्या कडेकडेने. गाव आपल्या वाळपईपेक्षाही लहान. स्टेशनच्या भिंतींवर निळ्या-पांढऱ्या फरशांची चित्रं आहेत, त्यांत द्राक्षं काढणारी, टोपल्या वाहणारी माणसं. आपल्याकडे जुन्या घरांत दिसतात तशाच अझुलेज फरशा. ती बघून मला एकदम पणजीतल्या फोंताइन्यशची आठवण झाली.

सांगायचं म्हणजे तिथे मी ग्रॅनाइटच्या मोठ्या हौदात माणसांना खांद्यावर हात टाकून रांगेने द्राक्षं तुडवताना पाहिलं. त्या हौदाला लगार म्हणतात. उत्तम प्रतीच्या पोर्टसाठी काही ठिकाणी आजही पायच वापरतात, कारण पायाने बी फुटत नाही आणि कडवटपणा उतरत नाही. मी तिथे उभा राहून मुलाला आपल्या कोळंबीबद्दल सांगत होतो. आंबणं अर्ध्यावर असताना ते त्यात द्राक्षाचं कडक मद्य ओततात, त्यामुळे आंबणं थांबतं आणि गोडी शिल्लक राहते. पोर्ट गोड आणि कडक असते ती त्यामुळे.

आणखी एक. त्या खोऱ्याची हद्द 1756 मध्येच आखून दिली होती. कुठल्या उतारावरची द्राक्षं पोर्टला चालतील हे दाखवणारे दगडी खांब रोवले, त्यातले काही अजून उभे आहेत. आपल्या काजू फेणीला भौगोलिक मानांकन मिळालं 2009 मध्ये. ज्यांनी ब्राझीलहून काजू आणून आपल्या डोंगरांवर लावला, त्यांनी स्वतःच्या वाईनसाठी अडीचशे वर्षांपूर्वी जे केलं ते आपल्याला आपल्या फेणीसाठी स्वतः करावं लागलं. उशिरा का होईना, केलं याचा मला अभिमान आहे.

---

पुणे_ते_पर्वरी

काका, काय सुरेख लिहिलंत. पण मानांकनाने नेमका काय फरक पडला? दुकानात तर अजून फेणी खालच्या फळीवरच दिसते.

---

म्हापशेकर_७१

मानांकनामुळे गोव्याबाहेरच्या कुणाला आपल्या दारूला "गोव्याची काजू फेणी" म्हणता येत नाही. पण त्याहून मोठी अडचण होती कायद्यातल्या वर्गाची. फेणी "देशी दारू" या वर्गात मोडायची, त्यामुळे परराज्यात विकणं फार अवघड. 2016 मध्ये गोवा सरकारने तिला राज्याचं वारसा पेय ठरवलं, 2021 मध्ये फेणी धोरण आलं. आता पणजीतल्या चांगल्या ठिकाणी फेणीची मिश्रणं मिळतात. कांदोळीला तर फेणीच्या जुन्या वस्तूंचं संग्रहालयही झालंय. वेताच्या विणीतले काचेचे गाराफांव, म्हणजे फेणी साठवायचे मोठे बुधले, बघायचे असतील तर तिथे जा.

पण खालच्या फळीचं म्हणाल तर तो आपल्या मनातला वर्ग आहे. आमच्या पिढीने पाहुण्यांपुढे व्हिस्की ठेवली आणि फेणी स्वयंपाकघरात, खोकल्यावर छातीला चोळायला.

---

दोडामार्गकर

सीमेच्या अलीकडून लिहितोय. आमच्या सिंधुदुर्गात काजू भरपूर. वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्राच्या वेंगुर्ला-4, वेंगुर्ला-7 या जाती कोकणभर लागल्यात. बी आम्ही विकतो, आणि बोंडू? झाडाखाली कुजतो. माश्या घोंगावत असतात. काही जण गाडी भरून गोव्यात पाठवतात, जवळ आहे म्हणून जमतं. राजापूर-लांजाकडच्यांना तेही नाही. डोंगर तोच, झाड तेच, पाच किलोमीटरवर त्याच बोंडूची फेणी होते आणि इकडे खत. दरवर्षी एप्रिलमध्ये जीव तळमळतो.

पाहुण्यांना एक विनंती. हुर्राकच्या बाटल्या डिकीत भरून इकडे येऊ नका. परवान्याशिवाय दारू सीमेपार आणली तर तपासणीत गाडीसकट अडकाल.

---

पेडण्याची_सून

फेणीवर सगळे लिहितायत, ओल्या काजूवर कुणी लिहिणार की नाही? वाळपईला गेलात तर बाजारात बायका ओले काजूगर घेऊन बसतात, शेकड्यावर विकतात. महाग वाटतील, पण ते सोलताना हाताची काय अवस्था होते ते डिचोलीकरांनी लिहिलंच आहे. घासाघीस करू नका.

आमच्याकडे अशी करतो: गर कोमट पाण्यात घालून साल काढायची. खोबरं, धणे, दोन-तीन मिरे, सुकी मिरची भाजून जाडसर वाटायचं. फोडणीत कांदा, हळद, गर आणि थोडं पाणी. गर बोटाने दाबून तुटला की वाटण आणि गुळाचा लहान खडा. बटाटा घालून भाजी वाढवू नये असं माझं ठाम मत आहे. वर्षातून दोनदा करायची, तर ती पूर्ण काजूचीच करावी.

---

नाव_नको

मी बरेच दिवस नुसती वाचते, आज लिहावंसं वाटलं. माझे वडील दारूने गेले. फेणीच. आमचं गाव सत्तरीतलंच. तुम्ही बुडबुड्यांचं, मण्यांचं जे लिहिलंय ते खरंच तसं असतं, मीही लहानपणी पाहिलंय. पण माझ्या मनात त्या वासाबरोबर दुसरं सगळं येतं. आई दाराला आतून टेबल लावायची ते येतं. कुणाला दोष देत नाही. फक्त हेही त्याच गावातलं आहे, एवढं धाग्यात असावं.

---

वाळपईची_लेक

ताई, बरं केलंत लिहिलंत. हे असलंच पाहिजे.

आमच्या आईचा एक नियम होता. भट्टीवरून गावातल्या गडीमाणसांना उधारीवर दारू द्यायची नाही, आणि मजुरी दारूत फेडायची नाही. बाबांशी त्यावरून भांडणं झाली, कारण बाकीचे देत होते. आई म्हणायची, त्याची बायको उद्या माझ्याकडे तांदूळ मागायला येणार, मग मी कुठल्या तोंडाने बघू? नियम शेवटपर्यंत पाळला. तरी मला माहीत आहे, आमच्या गाराफांवातली दारू गावातल्या कुठल्या ना कुठल्या घरात गेलीच असणार. ते मी नाकारत नाही.

---

डिचोलीकर

नाव_नको, तुमचं वाचून बराच वेळ काही लिहिता आलं नाही. माझ्या लेखात हे यायला हवं होतं. आता जो कुणी हा धागा वाचेल तो तुमचा प्रतिसादही वाचेल.

---

रानवाटा

दोन गोष्टी.

वाळपईला गेलात तर ब्रह्माकरमळीला जरूर जा, सात-आठ किलोमीटरवर आहे. ब्रह्मदेवाचं देऊळ, कदंबकालीन उभी मूर्ती. मूळची तिसवाडीतल्या करमळीची, पोर्तुगीज काळात देवळं पाडली जाऊ लागली तेव्हा लोकांनी ती नदीपार इथे आणली. मूर्तीसमोर उभं राहिलं की ती वाहून आणणाऱ्यांचे खांदे डोळ्यांसमोर येतात. शिगम्याच्या दिवसांत गेलात तर सत्तरीतल्या गावांत घोडेमोडणी हा लोकनाच बघायला मिळेल. काजूचा मोसम तेव्हा नुकता सुरू झालेला असतो.

दुसरी गोष्ट काळजीची. मार्च 2023 मध्ये म्हादई अभयारण्यात आणि आजूबाजूला आगी लागल्या, दिवसेंदिवस धुमसत होत्या, हेलिकॉप्टरने पाणी ओतावं लागलं. त्यात कितीतरी लोकांच्या काजूबागा गेल्या. काजूचं झाड उत्पन्नावर यायला वर्षं लागतात. तेव्हा डोंगरावर जाल तर काडी, सिगारेट काही नको. वाळकी पानं घोट्याएवढी साचलेली असतात.

---

सांगेकर

दक्षिणेतून एक दुरुस्ती. फेणी म्हणजे फक्त काजू नव्हे. आमच्याकडे माडाची फेणीही आहे, रेंदेर, म्हणजे माडावर चढणारा, सूर (माडी) काढतो त्याची. ती वर्षभर होते. पण माडावर चढणारे कमी होत चाललेत, आमच्या वाड्यावर आता एकच उरलाय आणि त्याचा मुलगा बोटीवर गेला. मोसमाच्या बाहेर कुणाला बघायचंच असेल तर दक्षिणेत सुराचं काम बघा. ऑगस्टमध्ये काजू दाखवणाऱ्यांकडे नको.

---

डिचोलीकर

सांगेकर, दुरुस्ती मान्य. माडाच्या फेणीवर तुम्हीच वेगळा धागा काढा, वाट बघतो.

---

पुणे_ते_पर्वरी

मंडळी, जाऊन आलो! रविवारी. डिचोलीकरांनी मामांशी बोलून ठेवलं होतं, त्यांचे आभार मानायला शब्द नाहीत.

पहाटे चारला निघालो, साडेपाचला पोचलो. मुलाने पाऊण बादली बोंडू वेचले आणि मामींनी त्याला ती काठी भेट दिली, खिळा काढून. कोळंबीत तो उतरला तेव्हा मामांनी आधी त्याची नखं तपासली, मग पाय दोनदा धुवायला लावले. "देवाच्या कामाला उतरतोस असं समज," म्हणाले. मी आणि नवरा सावलीत बसून बिया पिळत होतो. माझा तो "टक्" आवाज शेवटपर्यंत आला नाही, माझ्या बिया बोंडूचा तुकडा घेऊनच निघत होत्या. मामी काही न बोलता माझ्या ढिगातल्या बिया उचलून पुन्हा साफ करत होत्या.

निरो प्यायले. मी काय लिहू? पुण्यात वाढलेल्या माणसाला उसाचा रस माहीत. हा तसा नाही. आधी गोड लागतो, मग घसा कोरडा करतो, आणि पुन्हा प्यावासा वाटतो. भाणाजवळ मामांनी नवऱ्याला करवंटीतले मणी दाखवले. तो अर्धा तास तिथून हलला नाही. हुर्राकची एक बाटली घेतली, घरी येऊन उघडली, कारण गाडी आम्हालाच चालवायची होती.

निघताना मामींनी प्लास्टिकच्या बाटलीत निरो भरून दिला. मी झाकण घट्ट लावलं. होंड्याच्या पुढे आलो तर मुलगा म्हणाला, आई, बाटली फुगलीय. खरंच फुगली होती, टणक झाली होती. झाकण जरा फिरवलं तर फस्सकन फेस माझ्या साडीवर. तिथून पर्वरीपर्यंत तो दर पाच मिनिटांनी झाकण सैल करत होता आणि कान लावून चुरचुर ऐकत होता. घरी पोचेस्तोवर त्याची गोडी अर्धी उतरली होती.

---

डिचोलीकर

मामींना फोनवर सांगितलं. म्हणाल्या, "चूक माझीच. झाकण सैल ठेवायचं असतं हे मी त्यांना सांगितलंच नाही." आणि विचारत होत्या, मुलगा पुढच्या मोसमात येणार का. काठी परत आणायला सांगितलीय, खिळा ठोकून देतील.